सुर्वेकाकांचं अंतर्मन

जेसल पार्कच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी शिंकलं तरी शेजारचे सुर्वेकाका म्हणतात, "हे तू नाही शिंकलास. तुझं अंतर्मन शिंकलं."

रिटायर झाल्यावर काका कसल्याशा शिबिराला जाऊन आले, तेव्हापासून हा ताप सुरू झाला. माणूस स्वतःहून काहीच करत नाही, आतलं मन त्याच्याकडून करवून घेतं, हे तिथे त्यांना कोणीतरी सांगितलं. ते ऐकून यांचं स्वतःचं डोकं वापरायचं उरलंसुरलं कामही संपलं.

मी स्कूटरची चावी विसरलो, तर म्हणे माझ्या अंतर्मनाला ऑफिस नकोय. हे कळायला शिबिर कशाला हवं? भाजीवाल्यालाही त्यांनी सोडलं नाही. त्याने पिशवीत टोमॅटो जरा जोरात टाकले, तर हे त्याला समजावतायत, "भैया, तुम्हारे अंदर गुस्सा दबा हुआ है." तो शांतपणे म्हणाला, "चाचा, टमाटर दब रहे हैं, हाथ हटाओ."

कहर म्हणजे माझ्या बायकोच्या हातून आमटीत मीठ दोनदा पडलं, तेव्हा त्यांनी निदान केलं की तिच्या मनात सासूबद्दल राग आहे. हे त्यांनी माझ्या आईसमोर सांगितलं. त्यानंतर आई कितीतरी दिवस पहिला घास मला खायला लावायची.

परवा दुपारी लिफ्ट बंद होती. काका आणि मी भाजी घेऊन जिना चढत होतो. काका पुढे. वळणावर ते थांबले, उजवं कोपर बाजूला काढलं आणि हळूच म्हणाले, "ही पायरी उंच आहे हां."

मी तर मागे होतो. त्यांच्या बाजूला कोणीच नव्हतं.

मला तर लॉटरीच लागली. आता यांच्याच अंतर्मनाची सालं काढायची म्हणून मी विचारलं, "काका, आत्ता काय बोललात?"

"मी? काही नाही."

खोटं बोलत नव्हते. खरंच त्यांना माहीत नव्हतं.

मग मला काकी आठवल्या. शेवटची काही वर्षं त्यांना दिसत नव्हतं. काका रोज संध्याकाळी त्यांना खाली फिरायला न्यायचे, कोपर धरायला देऊन, याच जिन्याने. काकींना लिफ्टमध्ये घुसमटायचं. त्या गेल्या, त्यानंतरच काका त्या शिबिराला गेले होते.

तोंडावर आलेलं वाक्य मी गिळलं.

पुढच्या वळणावर कोपर पुन्हा बाहेर आलं. मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि ते धरलं. काकांनी वळून पाहिलं नाही. त्यांचे पाय मात्र आपोआप हळू पडायला लागले.