दोन माणसांपुरता फुटपाथ

कंट्रोलर नाना कुठल्याही परदेशाबद्दल पहिला प्रश्न विचारायचे तो फुटपाथचा. विमान किती तासांचं, जेवण आपल्यासारखं मिळेल का, हे माझी सगळी गिऱ्हाइकं विचारतात. नाना मात्र खिशातून मोजायचा टेप काढायचे, माझ्या टेबलावर पाच फूट ताणायचे आणि म्हणायचे, "एवढा पायजे. दोन माणसं शेजारी-शेजारी चालली पायजेत. एकानं खाली उतरायचं न्हाई."

नसरापुरात माझं सहलींचं बुकिंग ऑफिस आहे. एसी आहे, काचेचा दरवाजा आहे. हे सगळं मी एका जुन्या निळ्या जीपमधून उभं केलं. भोर स्टँडबाहेर वडाप करायचो. म्हणजे एसटी लागायच्या आत तिचे प्रवासी आपल्या जीपमध्ये भरायचे आणि पळायचं. नाना तेव्हा स्टँडवर कंट्रोलर. एकदा भर बाजारच्या दिवशी त्यांनी लाउडस्पीकरवर पुकारलं, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. गेटाबाहेरच्या निळ्या जीपमध्ये बसू नये. तिचे ब्रेक आणि मालकाची जीभ, दोन्ही ताब्यात नाहीत."

अख्खा स्टँड हसला. भरलेली जीप रिकामी झाली. उतरणाऱ्यांत माझे होणारे सासरेही होते.

हे मी विसरलो नव्हतो. भाव करणारा माणूस विसरल्यासारखं दाखवतो, विसरत काही नाही. त्यात नाना मला आजही 'वडाप'च म्हणत. काचेचा दरवाजा ढकलून आत यायचे आणि विचारायचे, "काय वडाप, भरली का गाडी?"

निवृत्तीनंतर ते वेल्ह्याकडं, गुंजवण्याच्या वाटेवरच्या आपल्या गावी राहायला गेले होते. आवाज स्टँडवरचाच राहिला होता. चहा आला की पुकारायचे, "सव्वाचारचा चहा फलाट क्रमांक एकवर लागत आहे." परदेशाचा विषय निघाला की मात्र हाच माणूस कुजबुजायचा. "लग्नाचा वाढदिवस हाय, दसऱ्यानंतर. तवा न्यायचंय तिला."

मी ग्रुप टूर काढून दाखवली. माझा फायदा ग्रुपमध्येच असतो. "नाना, सगळी आपली माणसं. तिसऱ्या दिवशी पुरणपोळी."

"आपली माणसं नकोत. भोर-वेल्ह्यातला एक इसम भेटता कामा न्हाई. सासवडचा बी नको."

"मग माझ्याकडं कशाला आलात? पुण्यात जायचं."

"तू पक्का धंदेवाला. गिऱ्हाइकाचं पोटात ठेवशील."

सात महिने त्यांनी माझं डोकं खाल्लं. बँकॉक बाद झालं, कारण फोटोत फुटपाथवर गाडे दिसले. सिंगापूरचा फुटपाथ पसंत पडला, पण तिथं नसरापूरचे दोन डॉक्टर जाऊन आले होते. शेवटी व्हिएतनाममधलं हनोई निघालं. तिथं तळ्याभोवतीचे रस्ते शनिवार-रविवार गाड्यांना बंद असतात, हे ऐकून नाना खूश झाले. "म्हंजी तिथला कंट्रोलर खमक्या हाय."

याच काळात एकदा बाजारात ते दिसले. नाना पुढं, आणि दहा पावलं मागं पिशवी घेतलेल्या एक बाई. नाना थांबले की त्याही थांबायच्या. भांडण झालं असेल, असं मला वाटलं.

सप्टेंबरात मी पासपोर्ट मागवले. नाना आले त्या दिवशी ऑफिस भरलेलं होतं. अष्टविनायकाला जाणाऱ्या बचत गटाच्या तीन बायका होत्या आणि नानांच्याच गावचा दुधाच्या टेम्पोवाला शंकर होता. सकाळीच एक मोठा ग्रुप हातचा गेला होता, त्यामुळं माझं डोकं फिरलेलं होतं. पासपोर्ट उघडले तर माणसं दोन आणि आडनावं दोन.

"हे काय नाना? आणि काय हो, तुळशीच्या लग्नाआधी आपल्याकडं कुणाचं लग्न लागतं? तुमचं दसऱ्यानंतर लगेच बरं लागलं!"

बायका हसल्या. नानांनी एक पाकीट पुढं सरकवलं आणि खाली वाकून म्हणाले, "तिचा पासपोर्ट आधीचा हाय. हॉटेलवाल्यानं एका खोलीचं विचारलं तर असावा म्हणून आणलाय. वाच. मनात वाच."

मला मनात वाचता येत होतं. मी उभा राहिलो, कागद तोंडासमोर धरला आणि नानांचा लाउडस्पीकरवरचा आवाज काढला. "प्रवाशांनी लक्ष द्यावे! विवाह नोंदणी दाखला, गेल्या वर्षीचा. वर विधुर, वय सदुसष्ट. वधू विधवा, वय एकोणसाठ!"

या वेळी कुणी हसलं नाही. शंकर तेवढा म्हणाला, "आयला! म्हंजी ती सैपाकाची बाई न्हाई व्हय? नानांची मंडळी हाय?"

नानांनी पासपोर्ट गोळा केले, दाखल्याची घडी घातली. मग ताठ उभे राहिले आणि आपल्या मूळच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "हनोईला जाणारी गाडी काही कारणामुळे रद्द करण्यात आली आहे. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल..."

पुढचं त्यांना म्हणवलं नाही. 'दिलगीर आहोत' हे तसं मीच म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही. दरवाजा बंद झाला आणि टेबलावर त्यांचा मोजायचा टेप राहिला.

बातमी नानांच्या आधी गावात पोचली. पुढं शंकरनंच सांगितलं, की नानांच्या पुण्यातल्या मुलानं हे लग्न कुणाला कळू द्यायचं नाही अशी अट घातली होती. आता तो दिवाळीला यायचा नाही म्हणतोय. "आन् ती बाई तर आता उंबऱ्याभाईर दिसत बी न्हाई." मी नानांना फोन केले. त्यांनी एकही उचलला नाही.

दाखला मोठ्यानं वाचल्यामुळं त्यावरची लग्नाची तारीख माझ्या चांगली लक्षात राहिली होती. त्या दिवशी संध्याकाळी टेप खिशात टाकला आणि जीप काढली. घरी सांगितलं, गिऱ्हाइकाची वस्तू द्यायचीय. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडत आलं होतं. नानांच्या गावाजवळच्या धरणाच्या अलीकडं रस्ता सरळ आणि मोकळा आहे. लांबूनच दोन माणसं दिसली, शेजारी-शेजारी चाललेली. नाना हातवारे करून काहीतरी पुकारत होते आणि बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

जीपचा आवाज त्यांच्यापर्यंत गेला. नाना वळलेही नाहीत. बाईंनीच आपणहून चाल मंदावली. एक, दोन, पाच, बरोबर दहा पावलं त्या मागं राहिल्या आणि रस्त्याच्या कडेला उतरून मान खाली घालून चालू लागल्या.

मी जवळ आलो. नानांनी मला ओळखलं. थांबलो असतो तर त्यांना माझ्याशी बोलावं लागलं असतं आणि बाईंना तशाच कडेला उभं राहावं लागलं असतं. स्टँडवरून गाडी सोडताना करायचे तसा नानांनी हात केला: चल, जाऊ दे.

मी गेलो. परत यायला तोच एक रस्ता होता. पुढच्या वळणापलीकडं जीप उभी केली, इंजिन बंद केलं, आणि ती दोघं चालत घरी पोचली असतील इतका वेळ तिथंच बसून राहिलो.