एकोणीसशे फुटांवरचा काटा

हमीदचाचा कुणाच्याही घरी गेले की आधी विजेचा मीटर बघतात, मग माणसं. 'कसे आहात' विचारलं की उत्तर ठरलेलं: "काटे जागेवर हायत."

वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं स्कूटरच्या स्पीडोमीटरचे काटे तपासले. निवृत्तीनंतर माणसं देवधर्म करतात, नाहीतर शेजाऱ्यांना छळतात. चाचांनी महायुद्धातली विमानं बनवायला घेतली. अख्खी नव्हेत, वैमानिकासमोरचा नुसता पॅनल. काळा पत्रा, त्यावर वेगाच्या, उंचीच्या, इंधनाच्या तबकड्या आणि मागं बारीक दिवे. बटण दाबलं की भिंत हिरवट उजळते. हौशी लोक तो दिवाणखान्यात लावतात. आमच्या गल्लीत वीज गेली की चाचांच्या बॅटरीवरचा पॅनल तेवढा चालू असतो, आणि लढाऊ विमानाच्या उजेडात माझ्या बायकोनं कैकदा मेथी निवडलीय. चाचा स्वतः विमानात कधी बसलेले नाहीत.

पण त्यांचं एकही विमान उडत नाही. वेगाचा काटा कायम शून्यावर, उंचीचा एकोणीसशे फुटांवर. पुण्याचं एक गिऱ्हाईक तावातावानं म्हणालं, विमान जमिनीवर आहे तर उंची शून्य हवी, माल सदोष आहे. चाचांनी त्याला चहा पाजला आणि आपलं संभाजीनगर समुद्रापासून तेवढं वर आहे, हे समजावून सांगितलं. मग उडतानाचे काटे लावून द्या, असा त्याचा हट्ट.

"उडतं विमान मी विकत नाय," चाचा म्हणाले. "घरी पोचलेलं विकतो."

गिऱ्हाईक हात हलवत परत गेलं. मी चाचांना धंद्याच्या चार गोष्टी सांगायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरून घड्याळ दोन मिनिटं मागं असल्याचं दाखवून दिलं.

गेल्या महिन्यात त्यांची एकुलती एक मुलगी आस्मा नर्सच्या नोकरीसाठी मस्कतला गेली. चाची जाऊन सहा वर्षं झाली, घरात हे दोघंच होते. तिचं विमान मुंबईहून सकाळी सुटलं. बारापर्यंत पोचल्याचा फोन यायचा होता. एक वाजता मी वरणभाताचं ताट घेऊन गेलो, तर चाचा त्यांच्या घरातल्या पॅनलसमोर स्टुलावर बसलेले. उंचीचा काटा पार वर चढवलेला. त्यांचं विमान मी पहिल्यांदाच उडताना बघत होतो.

ताट तसंच झाकून राहिलं. दीड वाजला. थट्टा करायची माझी हिंमत होईना. काटे कसे आहेत, एवढंच विचारलं.

"जागेवर नाय, मास्तर."

पावणेदोनला फोन वाजला. "पहुँच गई अब्बा. सिम मिलने में देर हुई."

"अच्छा. खाना खा ले," एवढंच बोलून चाचांनी फोन ठेवला. मग उठून तबकडीची काच काढली आणि काटा बोटानं हळूहळू खाली आणला. एकोणीसशेवर थांबवला.

माझ्यातला मास्तर गप्प बसेना. म्हटलं, चाचा, मस्कत समुद्राकाठी आहे, तिथं काटा शून्यावर पाहिजे.

"माहीत हाय," ते काच बसवत म्हणाले. "पण तिच्या घराची उंची हीच हाय."

तीस वर्षांत एकही चुकीचा काटा या माणसानं कारखान्याबाहेर जाऊ दिला नव्हता. मी ताट उचललं आणि गार झालेलं वरण गरम करून आणलं.