नव्या गमबुटांचं म्हातारपण

यंदा स्वतःचे गमबूट घ्यायचे, एवढंच मी ठरवलं होतं. माणसं आयुष्यात याहून मोठे निर्णय घेतात आणि ते निभावतातही. माझा हा काही निभावला नाही.

त्याचं असं झालं. हेदरशी लग्न होऊन मला बारा वर्षं झाली, आणि बारा वर्षं आम्ही नाताळाला तिच्या माहेरी, शेतावर जातो. नाताळच्या दुसऱ्या दिवशी तिथले शेतकरी मिळून फेझंट नावाच्या रानपक्ष्यांची शिकार करतात. बंदूकवाले एका बाजूला उभे राहतात आणि हाकारे रांग धरून, काठ्या आपटत, रानातून पक्षी उठवत येतात. माझे सासरे, एडविन थर्लवेल, हे हाकाऱ्यांचे म्होरके. आणि मी त्या वेळी सासूबाईंबरोबर स्वयंपाकघरात बटाटे सोलत असतो. (सालं फार पातळ निघतात, असं सासूबाई म्हणतात. त्या मनाने चांगल्या आहेत.)

यंदा नोव्हेंबरात सासऱ्यांचा फोन आला.

"क्लाइव्ह, रांगेत एक माणूस कमी पडतोय. येशील?"

"येईन की."

"बूट आहेत?"

"आहेत," मी म्हणालो. नव्हते.

फोन ठेवल्यावर हेदर म्हणाली, "बाबांचे गुडघे गेलेत. रांगेचं ओढ्याकडचं टोक तीस वर्षं ते सांभाळतायत. आपल्यामागे तिथे घरातलंच कुणीतरी असावं असं त्यांना वाटतं. तोंडाने म्हणायचे नाहीत, पण ते तुला बघणार आहेत."

मी कौन्सिलच्या कचरा विभागात कारकून आहे. मला आजवर कुणी कशासाठी बघितलेलं नाही. (हेदरनेही नाही. आमची ओळख एका तक्रार अर्जावरून झाली.) म्हणून शनिवारी मी हेक्सहॅमच्या बाजारात गमबुटांच्या दुकानात गेलो.

तिथल्या डॉडबाईंनी आधी माझ्या ऑफिसच्या बुटांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"जाड मोजे आणलेत?"

"नाही."

"पातळ मोज्यांवर गमबूट घेऊन गेलेला माणूस जानेवारीत लंगडत परत येतो." त्यांनी मोजे दिले.

पहिला जोड अर्ध्यावर अडकला. "तुमची पोटरी जाड आहे," बाई म्हणाल्या, तेही अशा आवाजात की दुकानातल्या सगळ्यांनी माझ्या पोटरीकडे पाहिलं. दुसऱ्या जोडात टाच वरखाली होत होती. "हे नकोत. चिखलात पाय बाहेर येईल आणि बूट तिथेच राहील." तिसऱ्याचं रबर त्यांनी चांगलं पिळून दाखवलं. कुठे चीर नाही, आत लोकरीचं अस्तर, तळवा खोल खाचांचा.

"उकिडवे बसा."

बसलो.

"आता उठा."

याला जरा वेळ लागला. पण बूट खरोखरच झकास होते. आत पाय असा बसला की आई आठवली.

घरी आल्यावर ते घालून मी हेदरपुढे उभा राहिलो.

"छान आहेत," ती म्हणाली आणि थांबली. आमच्या भागात कुणी 'छान आहेत' म्हणून थांबलं, की आपलं काही खरं नाही असं समजावं.

"काय झालं?"

"काही नाही. नवे दिसतात, इतकंच."

आमच्याकडे कोपरावर फाटलेला कोट चालतो, कुत्र्याने चावलेली टोपी चालते, पण रानात नवे बूट चालत नाहीत. हेदरच्या आतेबहिणीचा नवरा एकदा कोरे बूट घालून हाकाऱ्याला आला होता. त्याला जाऊन आता नऊ वर्षं झाली, तरी गावात अजून त्याला 'ते नवे बूटवाले' असंच म्हणतात.

मी कामाला लागलो. चार दिवस बूट खताच्या ढिगात पुरले. मग त्यांच्यावरून गाडी नेली, एकदा पुढे, एकदा मागे. तरी चकाकी जाईना, तेव्हा गॅरेजमध्ये बसून पॉलिश पेपरने घासायला घेतले.

"क्लाइव्ह, काय चाललंय?" हेदरने आतून विचारलं.

"शेल्फ करतोय."

(मी आजवर एकही शेल्फ केलेलं नाही.) तिसऱ्या दिवशी बूट चाळीस वर्षांचे दिसायला लागले. डाव्या टाचेवर तर मी जीव ओतला होता.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांच्या अंगणात जमलेल्या हाकाऱ्यांनी आधी माझे पाय पाहिले, मग तोंड. वॉल्टर न्यूबिगिन म्हणून एक म्हातारा हाकारा आहे, तो खाली वाकला.

"चांगले मुरलेत. किती वर्षं झाली?"

"बरीच," मी म्हणालो. इथे थांबायला हवं होतं. "वडिलांच्या वेळचे आहेत."

"असे आता मिळत नाहीत," वॉल्टर म्हणाला आणि बाकीच्यांपैकी दोघांनी आपापले पाय मागे घेतले. सासऱ्यांनी माझ्या पायांकडे बराच वेळ बघितलं.

"मग ओढ्याकडचं टोक तू घे," ते म्हणाले. "तिथे बूट टिकाऊ लागतात."

माझी छाती फुगली. पुढे काय झालं ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. ओढ्याकाठच्या दलदलीत तिसऱ्याच पावलाला डाव्या बुटात गार पाणी शिरलं. टाचेतून. जिथे मी जीव ओतला होता तिथूनच.

आता रांग सोडावी, तर त्या खिंडारातून पक्षी मागे पळणार. वर बांधावर सासरे काठी टेकून उभे, नजर माझ्यावर. मी चालत राहिलो. दर पावलाला बुटातून 'फच' असा आवाज येत होता.

"क्लाइव्ह," उजवीकडून वॉल्टर ओरडला, "कसला रे आवाज?"

"दलदल आहे इकडे."

"आता आपण टेकडीवर आहोत."

जेवणासाठी परत आलो. मागच्या दारात बूट काढल्याशिवाय सासूबाई कुणालाही आत घेत नाहीत. उजवा निघाला. डावा निघेना. मोजा फुगला होता आणि पोटरी मुळातच जाड. माझ्यामागे अकरा उपाशी हाकारे दारात खोळंबले. शेवटी वॉल्टरने मला काखेत हात घालून धरलं आणि सासऱ्यांनी स्वतः बूट ओढला. बूट निघाला आणि ओसरीत ओढा वाहिला. (त्यातून मासा निघाला असं वॉल्टर सांगत फिरतो. ते गवत होतं.)

सासऱ्यांनी बूट उलटा केला. आतलं अस्तर नव्या ब्लँकेटसारखं पांढरं होतं. त्यांनी टाचेवरून अंगठा फिरवला.

"काट्याकुट्यांचे ओरखडे एवढे सरळ नसतात," ते म्हणाले. "कशाने घासलास?"

"पॉलिश पेपर," मी म्हणालो. धरणीने पोटात घेतलं असतं तर मी गेलो असतो. "ऐंशी नंबरचा."

"ऐंशी? अरे, तो दारं घासायला. एकशेवीसचा घ्यायचा. आणि टाचेला लावायचाच नाही."

सासऱ्यांचे कान लाल झाले होते. वॉल्टर छताकडे बघत होता.

मग त्यांनी मला शेगडीपाशी बसवलं. दुखऱ्या गुडघ्यांवर बसून माझा पाय टॉवेलने कोरडा केला आणि आपले जाड मोजे चढवले.

"पाणी केव्हा शिरलं?"

"तिसऱ्या पावलाला."

"आणि रांग सोडली नाहीस."

"नाही."

"हं," सासरे म्हणाले.

बारा वर्षांत त्यांनी मला एवढं मोठं काही म्हटलं नव्हतं. मला भरून आलं. कांदा फार तिखट आहे म्हणालो, पण सूप वाटाण्याचं होतं.

जेवताना त्यांनी चमच्याने ग्लास वाजवला. "माझे गुडघे आता चालत नाहीत. पुढच्या वर्षीपासून ओढ्याकडचं टोक आपल्याच घरात राहील."

मी अर्धा उठलो.

"हेदर सांभाळेल," ते म्हणाले. "तिचे शाळेतले बूट अजून गळत नाहीत."

सगळ्यांनी टेबल बडवलं, मीही बडवलं. हेदर खरंच चांगली चालते. मग सासरे माझ्याकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आणि क्लाइव्ह, दर नाताळाला इथल्या पाच-सहा जणांना बायका नवे बूट देतात. दुसऱ्या दिवशी ते घालावेच लागतात. बुटांना एवढं म्हातारपण आणणारा हात आमच्याकडे नव्हता. एकशेवीसचा कागद मी आणून ठेवतो."

अशा रीतीने बारा वर्षांनी माझी स्वयंपाकघरातून सुटका झाली. मागच्या ओसरीपर्यंत.