चौथ्या अंकापर्यंतचा राजा

दगडूनानांनी पेनानं बाकावर दोनदा टकटक केल्याशिवाय आमच्या वर्गात शिकवणं सुरू होत नाही. बाहेरून बी.ए. करणाऱ्यांना मी दर रविवारी भोरला मराठी शिकवते. नाना विंझरहून येतात आणि सगळ्यांच्या आधी पोचतात. दारात उभे राहून येणाऱ्याला "म्होरं सरका, म्होरं सरका" म्हणत पुढच्या बाकांवर बसवतात, डोकी मोजतात आणि मग टक टक. म्हणजे डबल बेल. गाडी सोडायला हरकत नाही. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, रिटायर झाला तरी बेल काही सुटत नाही. सुरुवातीला मला राग यायचा. एकदा मुद्दाम आधीच बोलायला लागले, तर नानांनी एकदाच टक्क वाजवून मला थांबवलं. "मॅडम, येक बाई जिन्यात हायेत अजून." खरंच होत्या.

यंदा अभ्यासाला एक जुनी शोकांतिका आहे. प्रधानाचं ऐकून राजा सख्ख्या भावाला हद्दपार करतो, खरं कळलं तरी शब्द मागं घेत नाही आणि पाचव्या अंकात सगळं गमावून मरतो. 'आपल्या अंताला नायक स्वतः किती जबाबदार?' असा निबंध मी घातला. बाकी सगळ्यांनी गाईडातलं 'अहंकार हाच नायकाचा खरा शत्रू' उतरवून काढलं. नानांनी लिहिलं होतं:

"राजा चुकीच्या गाडीत बसला, हा त्याचा दोष नाही. चुकीची पाटी लावणारा प्रधान दोषी. पण नसरापूरला त्याला कळलं होतं. तिथं उतरता येत होतं. चारचौघांत लाज वाटली म्हणून तो बसून राहिला."

खाली पुरावाही जोडला होता. भोरला जायचं असताना वेल्ह्याच्या गाडीत बसलेला एक गृहस्थ नसरापूरच्या फाट्यावर चूक कळूनही हलला नाही, आणि थेट वेल्ह्याला उतरून वर म्हणाला, "माझं हितंच काम होतं."

शोकांतिकेवर मी जाडजूड ग्रंथ वाचलेत. इतकं स्वच्छ मला कुणी सांगितलं नव्हतं. पेपर मी खुशीत उलटला, तर शेवटचं वाक्य होतं, "हा निबंध लिहीपर्यंत राजा जिवंत आहे." संपलं! पाचव्या अंकाबद्दल चकार शब्द नाही.

शेवटाच्या विवेचनाला निम्मे गुण होते. बाकीच्या निम्म्यांत ओढूनताणून धरलं तरी नाना एका गुणानं नापास होत होते. फुकटचा गुण मी कुणाला देत नाही.

"नाना, पाचवा अंक?" मी वर्ग सुटल्यावर विचारलं.

"वाचला न्हाई, मॅडम."

"का?"

"जमंना," म्हणाले आणि एसटी गाठायला निघून गेले.

शनिवारी विद्यापीठाला गुण पाठवायचे होते; त्याआधी नानांनी शेवटाबद्दल चार ओळी लिहून दिल्या तरी चाललं असतं. या वयात हा हट्ट! गुरुवारी दुपारी मीच तणतणत विंझरची गाडी पकडली.

नानांचा आवाज रस्त्यावरूनच ऐकू आला. ओसरीवर बसून, भरलेल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत पोचावा अशा आवाजात ते चौथा अंक वाचत होते. समोर खुर्चीत त्यांच्या पत्नी, सरूकाकू. साखरेच्या आजारात त्यांची नजर गेलीय, हे मला तिथं कळलं. पुस्तकांची आवड मूळची त्यांची. नानांनी बी.ए.ला नाव घातलं ते त्यांना वाचून दाखवायला.

"पाचवा अंक एकट्यानं वाचून टाकायचा होता ना," मी म्हणाले. "एका गुणासाठी नापास होताय."

"पॅसेंजर खाली असताना डबल कशी मारू, मॅडम?" नानांनी काकूंकडे मान वळवली.

"त्यांना बोलू नका," काकू म्हणाल्या. "मीच आडवलंय. राजा मरतूय ना म्होरं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पानं किती उरली ते हाताला लागतंय की. येवड्या पानांत त्यो सावरतूय कुठला! आन् मॅडम, रिटायर झाल्यापास्नं ह्ये माणूस घरात बोलायचंच बंद झालं हुतं. दिसत न्हाई त्याचं मला येवडं न्हाई. पर आवाज बी न्हाई म्हणल्यावर, घरात कुणी हाय का न्हाई त्ये बी कळंना. ह्ये पुस्तक संपलं का परत गप बसत्याल."

नाना पुस्तकाच्या कोपऱ्याशी चाळा करत बसले. माझा राग कुठल्या कुठं गेला. मला स्वतःचीच लाज वाटली.

"म्होरच्या वर्साला हाय का दुसरं पुस्तक?" काकूंनी विचारलं.

"आहेत. दोन नाटकं, एक कादंबरी. पण त्यासाठी हे वर्ष पास व्हावं लागेल."

"त्यात मरत्यात का माणसं?"

"एकात."

काकूंनी हात पुढं करून पुस्तक चाचपलं, उरलेली पानं बोटांत धरून पाहिली आणि खुर्चीच्या हातावर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं. टक टक.

नानांनी चष्मा पुसला आणि पाचवा अंक उघडला.