गृहपाठ आधी सरांनी करावा

"गच्चीच्या दाराला जिन्याच्या बाजूनं कडी घालणारा माणूस, मग तो कुणीही असो, शिक्षणाचा शत्रू आहे!"

दारावर थापा मारून हात लाल झाला, तेव्हा सर असं ओरडले. ऐकायला पाण्याची टाकी होती.

झालं होतं असं. अकरावीला अमेरिकन निबंधांचा एक धडा होता. निसर्गात एकटं बसा, गरजा कमी करा, चारचौघांच्या मागं जाऊ नका, आतल्या आवाजाचं ऐका, असा. बाकीचे शिक्षक तो दोन तासांत नोट्स देऊन उरकत. सरांनी पंधरा दिवस लावले (मुलं त्यांना 'आतला आवाज' म्हणू लागली) आणि वर गृहपाठ दिला: उघड्यावर तासभर एकांत. फोन नाही, घड्याळ नाही. कुणी एकांतात दिसलं तर त्याच्याशी बोलायचं नाही. त्यानं स्वतः हाक मारली तरी ओ द्यायची नाही, तो त्याच्या मनाचा दुबळेपणा समजायचा!

"सर, तुम्ही केलात?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

सरांनी केला नव्हता. आणि आज दहा वाजता तपासणीचे साहेब हाच तास बघायला येणार होते. सर कायम होणार की घरी बसणार, ते त्यांच्या शेऱ्यावर होतं. न केलेली गोष्ट कुठल्या तोंडानं शिकवायची? म्हणून सर सकाळीच गच्चीवर निघाले.

"फोन तरी ने," बायको म्हणाली. तिची लॅबमधली ड्यूटी सातची.

"एकांतात फोन?"

"मग चहा तरी घे."

"गरजा कमी करायच्यात."

"छान. पलंगावरचा ओला टॉवेल उचल. माझी तेवढीच गरज आहे."

(टॉवेल तिथंच राहिला.)

पहिला अर्धा तास आतला आवाज आलाच नाही. नंतर आला तो पोटातून. सर खाली जायला उठले, तर दार बंद. किती वाजले कळेना. थापा मारून मारून दमल्यावर कधीतरी रस्त्यावर दप्तरं दिसली. म्हणजे साडेनऊ! सर कठड्याकडे धावले.

"अगं ए मॉनिटर! वर बघ! मी अडकलोय, दार उघड!"

मॉनिटरनं वर पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"शू! सर एकांतात आहेत."

"अगं, पण ओरडतायत ते."

"परीक्षा बघतायत आपली. ओ द्यायची नाही!"

"गृहपाठ रद्द!" सर किंचाळले. "रद्द, रद्द!"

"काय अ‍ॅक्टिंग करतात ना?" मागच्या बाकावरचा कौतुकानं म्हणाला, आणि सगळी चवड्यांवर, पाय न वाजवता निघून गेली. आपण जरा जास्तच चांगलं शिकवलं, हे सरांना आयुष्यात पहिल्यांदाच जाणवलं.

शेवटी खालच्या काकू बादलीभर कपडे घेऊन वर आल्या, तेव्हा दार उघडलं. "अय्या, तुम्ही इथं काय..." हे त्या रिकाम्या गच्चीला विचारत राहिल्या.

सर घरच्या चपलांवर धावत शाळेत पोचले, तर साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडत होती. वर्गाच्या दारात शिपाई एकटाच उभा, तोंडभर हसत.

"काळजी सोडा, सर. मुलांनी आपला आपण तास घेतला. साहेब इतके खूश, की उभ्या उभ्या शेरा लिहून गेले: या वर्गाला शिक्षकाची गरज नाही."