एकशे बारा आणि दुपारची डुलकी

"अण्णा, तुमी आख्ख्या आयुष्यात कधी कुणाच्या गाडीला मागं टाकलंय का?"

तेजस्विनीने हे विचारलं तेव्हा तिच्या वडिलांचा, भगवंतअण्णांचा, घास आमटीत बुडालेला होता. प्रश्न खरं तर तिचा नव्हता. मंचरच्या कॉलेजात बारावीच्या शेवटच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणींनी तिला तो पैजेवर विचारायला लावला होता. पुनमचंद शेठची खुशबू तर म्हणाली होती, "विचारून दाखव, तुझ्या जर्नलमधल्या सगळ्या आकृत्या मी काढून देते." बेडकाचं पचनतंत्र काढण्यापेक्षा अण्णांना प्रश्न विचारणं तेजूला सोपं वाटलं.

अण्णांनी घास सावकाश चावला. ते सगळंच सावकाश करत.

"मागं टाकायचं कशाला? ज्याला घाई आसंल त्यानं जावं फुडं. आपुन कुनाला आडावलंय का?"

महाळुंगे पडवळच्या निम्म्या गावाचं उत्तर "होय" असं आलं असतं. अण्णांची सुमो पस्तीसच्या वर जात नसे. उतारावर चाळीस, तेही नाइलाजाने. टोमॅटोची पिकअप चालवणारा सयाजी चावडीवर म्हणायचा, "भगवंतभाऊ निघालं का? मंग आमी जेवून निघतो. नारायणगावात गाठ पडंलच." दुसरी ख्याती डुलकीची. दुपारी एक वाजला की अण्णा जिथे असतील तिथे डोळ्यांवर टोपी ओढून तासभर झोपत. शेतात, बँकेच्या बाकावर, एकदा तर सोसायटीच्या सभेत अध्यक्षांच्या खुर्चीत.

तेजूचं दुखणं वेगळं होतं. येत्या चैत्रात तिला अठरा पूर्ण होणार होती आणि तिला गाडी शिकायची होती. अण्णांचं त्यावर ठरलेलं उत्तर होतं. "बाईमानसाच्या हाताला वेग आवरत न्हाई."

आई, म्हणजे प्रयागबाई, यावर कधी काही बोलत नसे. ती मढची. तिचा बाप हौशीराम माळशेज घाटात तीस वर्षं प्रवासी जीप चालवायचा. अण्णांच्या शेजारी बसली की तिचा उजवा पाय स्वस्थ नसे, पुढच्या पत्र्यावर सारखा दाबत राहायचा. भित्री आहे बिचारी, ब्रेक दाबते, असं सगळे समजत.

प्रश्न विचारला त्याच्या दुसऱ्याच दिवशी पोस्टमनने एक लांबडा लिफाफा आणून दिला. आत गुजराती अक्षरांचा कागद, एक कोरा फॉर्म आणि त्याला टाचलेला काळापांढरा फोटो. फोटोत एक सुमो समोरून येत होती, तिची नंबरपाटी स्वच्छ दिसत होती, आणि ती नंबरपाटी अण्णांची होती.

तेजू तो कागद घेऊन पुनमचंद शेठच्या दुकानात गेली. शेठच्या घरात धर्माची पुस्तकं गुजरातीत येत, त्यामुळे त्यांना ते वाचता येई. त्यांनी चष्मा लावून कागद एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि मग तेजूकडे पाहिलं.

"दिवाळीत गुजरातला गेला होतात का गं तुम्ही?"

"हो, वलसाडला. मावशीकडं."

"दंडाची नोटीस आहे. ऐंशीची मर्यादा असलेल्या रस्त्यावर तुमच्या बाबांनी एकशे बारानं गाडी हाणली, असं म्हणतात हे. पंधरा दिवसांत दंड भरा आणि फॉर्मवर चालवणाऱ्याचं नाव अन लायसनचा नंबर लिहून पाठवा."

मागे मोजमाप करत उभ्या असलेल्या खुशबूच्या हातातली साखर पिशवीबाहेर गेली.

अण्णांनी आधी साफ नाकारलं. "कायतरी चुकलंय त्यांचं. माझ्या गाडीला तेवढा आकडाच न्हाई." तेजूने जाऊन पाहिलं, आकडा होता. फक्त पन्नासच्या पुढची काच कधी कुणी पाहिली नसल्यामुळे तिथे धूळ तशीच होती. "मग तू तर व्हतीस की गाडीत," अण्णा म्हणाले. "मी मागं झोपले व्हते," तेजू म्हणाली. आई तांदूळ निवडत होती. त्या दिवशी तांदळात खडे फार निघाले.

दोन दिवसांत बातमी गावभर झाली. आधी लोक हसायला आले. पण फोटो हातात घेतला की हसू थांबायचं. सरकारी शिक्का, सरकारी आकडा. सयाजी तर फोटोकडे बराच वेळ बघत बसला. वीस वर्षं पिकअप हाणून त्याला कुठल्या सरकारने पत्र पाठवलं नव्हतं.

"भाऊ, आमी तुमाला वळखलंच न्हाई," तो शेवटी म्हणाला. "गावात माणूस पस्तीसनं जातो म्हंजी त्याला येत न्हाई असं न्हाई. त्याला दाखवायचं नसतंय."

अण्णांनी नुसती टोपी सारखी केली. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्यांना चहा पाजून गाडीविषयी विचारत होते. नाकारता नाकारता ते हळूहळू गप्प राहू लागले. मग एक दिवस "रस्ता मोकळा असला की व्हतं कधी कधी" इथपर्यंत आले. नंतर फोटो मंचरहून प्लास्टिकमध्ये बांधून आणला आणि पडवीत आरशाशेजारी खिळ्याला लावला. फॉर्म मात्र कोराच राहिला. "भरू की, घाई काय," असं ते रोज म्हणत.

आणि इथेच फसले. सयाजीच्या पप्पूचं लग्न मढला ठरलं होतं. एक वाजून एकावन्न मिनिटांचा मुहूर्त. नवरीचा चुलता कडक. थोरल्या मुलीच्या लग्नात मुहूर्त हुकला म्हणून त्याने नवरदेवाला मांडवाबाहेर दीड तास उन्हात बसवलं होतं, असं सांगत. सयाजी अण्णांकडे नारळ घेऊन आला.

"नवरदेवाची गाडी तुमीच हाकायची. एकशे बारा नगं, निम्मं जरी केलं तरी आपुन येळंत."

नारळ परत करता येत नाही. अण्णांनी तो घेतला. आईने त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिचा उजवा पाय चुलीपुढे बसल्या बसल्या थोडा हलला.

लग्नाच्या सकाळी तेजू आरशात वेणी घालत होती. शेजारीच फोटो. सगळ्या गावाने पाहिला होता, पण सगळ्या गावाने आकडा पाहिला होता. तेजूने पहिल्यांदा फोटोतल्या गाडीच्या काचेतून आत पाहिलं. चालवणाऱ्याच्या शेजारच्या जागेवर काहीतरी पांढरं होतं. टोपी. डोळ्यांवर ओढलेली. आणि स्टिअरिंगच्या बाजूला खिडकीबाहेर ऐटीत टेकवलेला एक कोपर होता, त्या हाताच्या मनगटावर बांगड्या. तेजूने मोजल्या. सात.

स्वयंपाकघरात आई डबा भरत होती. तेजूने तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि वेणी अर्धीच सोडून बाहेर जाऊन बसली.

हळद, परण्या म्हणजे नवरदेवाची गावातली मिरवणूक, आणि फोटो यांत निघायला अकरा वाजले. पुढे अण्णा आणि आई, मागे हातात कट्यार धरलेला पप्पू, त्याची करवली आणि तेजू. वऱ्हाडाच्या गाड्या येडगाव येईपर्यंत दिसेनाशा झाल्या. ओतूर मागे पडलं तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि अण्णांच्या पापण्या आपल्या वेळेवर खाली यायला लागल्या होत्या. सुमो पस्तीसवरून पंचवीसवर आली. एक सायकलवाला घंटी वाजवून पुढे गेला.

"काका, मारुतीच्या पाया पडायचंय, मग मांडव," पप्पू मुंडावळ्यांतून म्हणाला. "चुलत सासरा लई वंगाळ हाये वो."

अण्णांच्या कपाळावर घाम आला. आईचा पाय पत्र्यावर इतका दाबला गेला होता की पैंजण वाजत होतं. तेजूने पुढे वाकून अगदी साधेपणाने म्हटलं, "अण्णा, तुमची डुलकीची येळ झाली."

अण्णांनी आरशातून लेकीकडे पाहिलं. लेकीनेही आरशातूनच पाहिलं. अण्णांनी गाडी कडेला घेतली, उतरले, वळसा घालून पलीकडे आले. आई आतूनच सरकली. अण्णांनी दार लावलं आणि टोपी डोळ्यांवर ओढली.

"पप्पू, डोळं मीट," आई म्हणाली.

"का वो काकी?"

"देवाचं नाव घे. सासुरवाडीला जायचंय."

पुढची तेरा मिनिटं पप्पूने देवाचं नाव घेतलं. कट्यारीच्या टोकाचं लिंबू निसटून सीटखाली इकडून तिकडे फिरत राहिलं. करवलीने तेजूची ओढणी धरली ती सोडलीच नाही. वऱ्हाडाची, चहाला थांबत आलेली शेवटची गाडी त्यांनी डिंगोऱ्यापुढे गाठली. आईने हॉर्न दिला, कोपर खिडकीबाहेर टेकवला आणि वळणावरून असं काही नेलं की आजोबांचा घाट तिच्या हातातून गेला नव्हता हे तेजूला कळलं.

मढच्या मारुतीचं देऊळ दिसायच्या आधीच्या वळणावर आईने गाडी थांबवली. गाडी थांबताच अण्णा जागे झाले, कुणी न उठवता. उतरले, वळसा घालून आले. दोघांनी जागा इतक्या सराईतपणे बदलल्या की तेजूच्या लक्षात आलं, हे दिवाळीपासूनचं नाही, हे वर्षानुवर्षांचं आहे.

सयाजी देवळापाशीच उभा होता. त्याने अण्णांना मिठी मारली. "भाऊ, तुमचा हात म्हंजी हात." पप्पू अजून डोळे मिटूनच होता. नवरीच्या चुलत्याने घड्याळ पाहिलं आणि तो अण्णांच्याच पाया पडला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेजूने कोरा फॉर्म पडवीत अण्णांपुढे ठेवला. पंधरापैकी एकच दिवस उरला होता.

"नाव काय लिवू?"

आई म्हणाली, "त्यांचंच लिव. मान त्यांचाच हाये." पण बोलता बोलता तिने लुगड्यांच्या पेटीतून एक जुनं लायसन काढून तिथे ठेवलंही. फोटोत तिला दोन वेण्या होत्या, आणि पत्ता मढचा होता.

अण्णांनी ते उलटसुलट करून पाहिलं. भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. मग टोपी काढून डोकं खाजवलं.

"सरकारला खोटं कसं लिवायचं? हिचंच लिव," ते म्हणाले. "पन पुनमचंद शेठकडून गुजरातीत लिवून घे."

तेजूने फॉर्म घडी करून दप्तरात ठेवला. मग उठून उभी राहिली, कारण बसून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

"आनि आजून एक. चैत्र लागला की मी गाडी शिकनार हाये. इचारत न्हाई, सांगतीय. आई शिकवनार."

आईचा पाय थांबला. अण्णांनी टोपी डोक्यावर ठेवली.

"आनि मी न्हाई म्हनलो तर?"

"तुमाला कळनारच न्हाई, अण्णा," तेजू म्हणाली. "आमी रोज दुपारी एक ते दोन शिकनार हाये."