विरोधी पॅनलची चावी

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, आईची आण. म्हणजे मी स्वतः तिथं नव्हतो. आणि सोसायटीची निवडणूक दुष्काळाच्याच साली होती की पुढच्या, तेही नक्की सांगता येत नाही. पण बाकी अक्षर न् अक्षर खरं.

केजजवळच्या आमच्या गावात शहादेव दूध सोसायटीचा चिटणीस होता. दुष्काळात जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, आणि तो नुसताच चिटणीस उरला. काम एकच : जुन्या मोटारीत कॅन घालून चार किलोमीटरवरच्या विहिरीचं पाणी आणायचं. बायको मुक्ताबाईचे गुडघे कामातून गेलेले. डोक्यावर ओझं घ्यायला डॉक्टरनं मनाई केलेली. गाडी चालू, तोवर चूल चालू.

एके दिवशी शहादेवनं ठरवलं, कॅनचं झाकण एवढं आवळायचं कशाला? वळणावर कॅन कलंडला. पाणी पुढच्या सीटखाली शिरलं आणि इंजिनाचा कंप्युटर तिथंच बसवलेला असतो, हे त्याला तेव्हा कळलं. गाडी जागेवर ठप्प. अख्खा जिल्हा पाण्यावाचून तडफडत असताना पाण्यात बुडून मेलेली ती एकच गाडी.

केजच्या मकसूद मेकॅनिकनं उघडून पाहिलं. कंप्युटर जळालेला. नव्याच्या नादी लागू नका, मांजरसुंब्याला खाजामियाँच्या भंगारात याच नंबरचा जुना सापडेल, म्हणाला. शहादेव जीपनं गेला. खाजामियाँनं ढिगातून डबा काढला, नंबर जुळवला आणि वर एक चावी शहादेवच्या हातावर ठेवली.

"ही बी लागती," एवढंच बोलला.

चावीच्या छल्ल्याला पितळी छत्री होती. आता छत्री म्हणजे विरोधी पॅनलचं चिन्ह. शहादेव कपबशीचा, म्हणजे सत्ताधारी पॅनलचा माणूस. कपबशीवाल्यांनीच त्याला नोकरीला चिकटवलेला. आठवड्यावर मतदान आणि चिटणीसाच्या खिशात छत्री (तीही आभाळात ढगाचा पत्ता नसताना)! हा विरोधकांचाच डाव, असं त्याच्या मनानं घेतलं. घाटात जीप वळली तशी त्यानं चावी छल्ल्यासकट दरीत भिरकावली. मग त्याला लई हलकं वाटलं.

मकसूदनं कंप्युटर बसवला. गाडीनं हूं की चूं केलं नाही.

"याची चावी कुठंय, सेक्रेटरीसाब?"

"टाकली घाटात."

"कावून?"

"छत्री व्हती तिला."

मकसूदनं हातातला पाना खाली ठेवला. "चावीत चिप असती, साब. कंप्युटर तेवढीच वळखतो. त्याला मतदान न्हाई."

कंप्युटरची नव्या चावीशी ओळख करून देणारा माणूस बीडहून यायचा. तो आठ दिवसांनी येणार होता. मकसूदनं परत काढून दिलेला कंप्युटरचा डबा घेऊन शहादेव घरी आला. मुक्ताबाईनं सगळं ऐकून घेतलं. रांजण तळाला लागलेला.

"मग पाणी कोण आणील," तिनं विचारलं, "कपबशी?"

शहादेवनं दोन हंडे उचलले. आठ दिवस डोक्यावरून पाणी वाहिलं, बायकोला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. गाव बघत राहिलं.

आईची आण घेऊन बसलोय, तेव्हा सांगून टाकतो : हे शेवटचं हंड्यांचं मी पदरचं घातलं. हंडे मुक्ताबाईनंच वाहिले. गुडघा धरून चार ठिकाणी बसायची, पुन्हा उठायची. आणि शहादेव तिच्या मागून चालायचा, टॉवेलात गुंडाळलेला कंप्युटर कडेवर घेऊन. घरात उकडतं म्हणे त्याला.